दत्तकाचा कायदा आणि वकिलाचे दायित्व

(वकील, विधी महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि सेवाकार्यातील कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘दत्तक’ हा शब्द महाराष्ट्राला इतिहासाने शिकवला आहे. १८४८ साली साताऱ्याचे शहाजीराजे उर्फ आप्पासाहेब निवर्तले. त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने राज्याचा वारस म्हणून मान्य केला नाही आणि छत्रपतींची ती गादी खालसा झाली. पुढे झाशीतही तेच घडले. गंगाधरराव नेवाळकर यांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष दत्तकविधान केले. तरीही डलहौसीने राज्यावरचा दत्तकाचा हक्क नाकारला. राणी लक्ष्मीबाईंनी जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावून कायद्याच्या मार्गाने दाद मागितली, ती फेटाळली गेली. नंतरचा इतिहास आपल्या सर्वांना ज्ञात आहे.

या घटनांकडे आपण परकीय सत्तेच्या अन्यायाची उदाहरणे म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु विधिज्ञांनी त्यातून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दत्तकविधान घरात, आप्तेष्टांच्या साक्षीने आणि मंगल वातावरणात होते, मात्र त्याचे फळ मुलाच्या पदरात पडते की नाही, हे कायद्याच्या दारात ठरते. आज राज्ये खालसा होत नाहीत. पण एखाद्या सामान्य घरातल्या दत्तक मुलाचे नाव, त्याचा वारसा, त्याचा जन्मदाखला आणि त्याचे पारपत्र यांचे भवितव्य, त्याचे आई-वडील प्रथम ज्या वकिलाकडे गेले त्याच्या ज्ञानावर अवलंबून असते. म्हणूनच दत्तकाच्या कायद्याचा अभ्यास हा वकिली व्यवसायातील एक किरकोळ विषय मानणे परवडणारे नाही.

वंशासाठी मूल की मुलासाठी घर?

आपल्या धर्मशास्त्रात दत्तकाचा विचार अत्यंत सूक्ष्मपणे झालेला आहे. नंदपंडितांची ‘दत्तकमीमांसा’ आणि ‘दत्तकचंद्रिका’ हे ग्रंथ इंग्रजी अमदानीतील न्यायालयेही प्रमाण मानीत. पश्चिम भारतात नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’ला विशेष मान होता. विधवेने दत्तक घ्यावा की नाही, या प्रश्नावर प्रांतोप्रांती भिन्न मते होती. मिथिलेत तिला तो अधिकारच नव्हता. बंगालात पतीची स्पष्ट अनुज्ञा लागे. दक्षिणेत सपिंडांची संमती चाले. महाराष्ट्रात मात्र पतीने मनाई केलेली नसेल, तर विधवा स्वतःच्या अधिकाराने दत्तक घेऊ शकत असे. स्त्रीच्या अधिकाराच्या दृष्टीने ही परंपरा उदार होती, हे अभिमानाने नमूद करावे लागेल.

तथापि त्या सर्व विचाराच्या केंद्रस्थानी कुळ होते. वंश चालावा, पिंडदान व्हावे, मिळकत राहावी, यासाठी पुत्र घेतला जाई. मुलगी दत्तक घेण्याला सामान्यतः मान्यता नव्हती. शिवाय विधवेने वर्षानुवर्षांनी घेतलेला दत्तक पतीच्या मृत्यूच्या दिवसापासून अमलात आला असे मानले जाई. त्यामुळे दुसऱ्याच्या हाती गेलेली मिळकत परत फिरे आणि भाऊबंदकीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालत.

मुलाचा विचार करणारी दुसरी धाराही याच मातीत उगम पावली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे जन्मलेल्या यशवंतास फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. पंढरपुरात १८७५ मध्ये न्यायखात्यातील अधिकारी लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने निराश्रित बालकांसाठी आश्रम उभा राहिला. जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून यशवंताचा वारसा लेखी स्वरूपात पक्का केला. माया असली, तरी तिला कागदाचे कवच द्यावे लागते, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने ओळखले होते.

एक देश, दोन मार्ग

स्वातंत्र्यानंतर ‘हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६’ आला. हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख समाजालाही तो लागू आहे. या अधिनियमाने मुलीच्या दत्तकाला मान्यता दिली आणि अविवाहित, विधवा व घटस्फोटित स्त्रीला स्वतःच्या नावे दत्तक घेण्याचा अधिकार दिला. २०१० च्या दुरुस्तीनंतर विवाहित स्त्रीही पतीच्या संमतीने दत्तक घेऊ शकते. दत्तहोम आवश्यक राहिला नाही; मात्र मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे ही अट अनिवार्य ठरली. दत्तकाचा परिणाम दत्तकाच्या दिवसापासूनच सुरू होतो आणि त्यापूर्वी दुसऱ्याकडे निहित झालेली मिळकत दत्तकामुळे हिरावली जात नाही, असे कलम १२ सांगते. जुन्या भाऊबंदकीचे मूळच त्याने उपटले. कलम १५ नुसार एकदा झालेला वैध दत्तक रद्द करता येत नाही. मूल परत करण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही, हे वकिलाने दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या दांपत्यास पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे.

दुसरा मार्ग ‘बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५’ याचा. तो जानेवारी २०१६ पासून अमलात आला. अनाथ, टाकून दिलेली आणि आई-वडिलांनी रीतसर सुपूर्द केलेली बालके यांना कुटुंबाचा हक्क मिळावा, हा त्याचा गाभा आहे. नात्यातील दत्तकाचीही त्यात तरतूद आहे. हा कायदा धर्मनिरपेक्ष आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली ख्रिस्ती, पारशी किंवा मुस्लिम दांपत्याला केवळ पालकत्व मिळे, अपत्य मिळत नसे. दत्तकाचा सामायिक कायदा करण्यासाठी १९७२ आणि १९८० मध्ये आलेली विधेयके कायद्यात रूपांतरित होऊ शकली नाहीत. शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्वाळा दिला की, बाल न्याय कायद्याचा मार्ग कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस खुला आहे. तो ऐच्छिक आहे. समान नागरी कायद्याचे उद्दिष्ट साध्य होईपर्यंत ज्यास आपल्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे वागायचे असेल त्याने तसे वागावे, असेही न्यायालयाने म्हटले.

हे दोन्ही मार्ग आजही समांतर चालतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ५६ मध्येच म्हटले आहे की, हिंदू कायद्याखालील दत्तकाला त्या कायद्याच्या तरतुदी लागू होणार नाहीत. म्हणजे प्रत्येक प्रकरणात वकिलाचा पहिला प्रश्न हाच असावा : हे मूल कोठून आले आहे आणि ते देण्याचा अधिकार कोणाचा आहे?

मुद्रांक कागदाची फसवी शाश्वती

समाजात सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. अपत्यहीन दांपत्याला कोणी सांगते की, अमुक प्रसूतिगृहात एका अविवाहित मातेचे बाळ आहे. मुद्रांक कागदावर चार ओळींचा मजकूर लिहिला जातो, नोटरीचा शिक्का बसतो आणि बाळ घरी येते. सर्वांचा हेतू शुद्ध असतो. प्रश्न उभा राहतो पाच-दहा वर्षांनी. शाळेचा दाखला, पारपत्र, वारसाची नोंद यांपैकी कोठेतरी तो कागद अपुरा पडतो. आणि ज्या मुलाने काहीच अपराध केलेला नाही, त्याला ‘तू नेमका कोणाचा?’ या प्रश्नाला सामोरे जावे लागते.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. हिंदू दत्तक कायद्याच्या कलम १६ खाली दत्तकपत्र वैध मानले जाण्याचे गृहीतक हवे असेल, तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले आणि देणारा व घेणारा अशा दोघांच्या स्वाक्षरीचे असावे लागते. टाकून दिलेले बाळ असेल, तर त्यास खासगीरीत्या देण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही, ओळखीच्या सद्‌गृहस्थाला नाही आणि सेवाभावी कार्यकर्त्यालाही नाही. असे बालक चोवीस तासांच्या आत बालकल्याण समिती, पोलीस किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाच्या व्यवस्थेकडे कळवणे बंधनकारक आहे. विहित कार्यपद्धती डावलून अशा बालकाचा दत्तक देणे-घेणे हा कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाचा अपराध आहे. मुलाची खरेदी-विक्री झाली असेल, तर शिक्षा त्याहून कठोर आहे. हिंदू दत्तक कायद्याच्या कलम १७ नेही दत्तकाच्या बदल्यात पैसे देणे-घेणे दंडनीय ठरवले आहे.

मूल देण्याची वेळ आलेल्या मातेचाही येथे विचार आहे. तिने बाळ समितीपुढे सुपूर्द केल्यावर पुनर्विचारासाठी तिला दोन महिन्यांचा अवधी मिळतो. संकटात सापडलेल्या स्त्रीने घाईघाईने घेतलेला निर्णय तिच्यावर आयुष्यभर लादला जाऊ नये, ही त्यामागची करुणा आहे. नोटरीच्या कागदात ही करुणा नसते.

अभ्यासावाचून गत्यंतर नाही

कलमे पाठ केली म्हणजे काम भागते, असे मात्र नाही. काही निवाडे पाहिले, तरी या विषयाची खोली लक्षात येईल.

हिंदू दत्तक कायद्यानुसार पंधरा वर्षांहून मोठी किंवा विवाहित व्यक्ती दत्तक जाऊ शकत नाही. पण रूढीचा अपवाद ठेवलेला आहे. जुन्या मुंबई इलाख्यात कोणत्याही वयाच्या व्यक्तीस दत्तक घेण्याची रूढी न्यायालयांनी मान्य केली आहे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती ग्राह्य धरली. पुण्याच्या वकिलाला जे सहज साध्य आहे, ते अन्य प्रांतातल्या वकिलाला स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागेल.

पतीने दत्तक घ्यायचा तर पत्नीची संमती हवी. समारंभाला पत्नी नुसती हजर होती, छायाचित्रात दिसते, म्हणून तिची संमती गृहीत धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. दत्तकपत्रावर पत्नीची स्वाक्षरी घेण्याची दक्षता त्या वेळी वकिलाने घेतली असती, तर किती दावे टळले असते!

घरात एक मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेण्यास हिंदू दत्तक कायद्याचे कलम ११ आडवे येते. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्यापुढे २००९ मध्ये असेच प्रकरण आले. निराधार बालकाचे पुनर्वसन हा बाल न्याय कायद्याचा विशेष हेतू असल्याने त्या मार्गाने दुसरी मुलगी दत्तक घेता येईल, असा समन्वय न्यायालयाने साधला. दोन्ही कायदे एकत्र वाचण्याची दृष्टी असलेला वकील नसता, तर त्या बालिकेला घर मिळाले नसते.

चौथे उदाहरण विदर्भातले आहे. निवृत्त शासकीय कर्मचाऱ्याच्या निधनानंतर त्याच्या विधवेने मुलगा दत्तक घेतला. विधवेने घेतलेला दत्तक मृत पतीचाही पुत्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले होते. मात्र कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नियमांत असा मुलगा ‘कुटुंब’ या व्याख्येत बसत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. दत्तक वैध असूनही एक अपेक्षित लाभ मिळाला नाही. पक्षकाराला याची कल्पना आधी द्यावी लागते. नंतर दिली तर ती सबब ठरते.

परदेशस्थ मराठी कुटुंबांचा प्रश्नही वाढता आहे. सांगलीतल्या भावाचे मूल अमेरिकेतल्या भावाने दत्तक घ्यायचे, तर घरगुती विधी आणि येथील दत्तकपत्र एवढ्यावर ते मूल विमानात बसू शकत नाही. आंतरदेशीय दत्तकासंबंधीच्या १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये अनुसमर्थन दिले. त्यामुळे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, आणि त्या देशातील अधिकृत यंत्रणा या दोहोंची साखळी पूर्ण करावी लागते. हा क्रम उलटला, तर मूल येथे आणि आई-वडील तेथे, अशी ताटातूट वर्षानुवर्षे चालते.

न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे

बाल न्याय कायद्याखाली दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आला आणि ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. त्याच महिन्यात नवी दत्तक विनियमावलीही आली. न्यायालयांतील विलंब टळावा, हा हेतू सांगितला गेला. प्रलंबित प्रकरणांच्या हस्तांतरणावरून वाद झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी प्रकरणे न्यायालयांनीच पुढे चालवावीत, असा अंतरिम आदेश दिला.

आदेश प्रशासनाकडे गेला म्हणून आता वकिलाचे काय काम, असे काहींना वाटते. वास्तविक वकिलाचे काम त्यामुळे अधिक जोखमीचे झाले आहे. न्यायालयात त्रुटी राहिली, तर न्यायाधीश तारीख देऊन ती दुरुस्त करून घेत. प्रशासकीय फाईलमध्ये कागद प्रथमच निर्दोष हवा. बालक दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त असल्याचा बालकल्याण समितीचा दाखला, कौटुंबिक पाहणी अहवाल, पती-पत्नी दोघांची संमती, वयाची मर्यादा, या प्रत्येक बाबीकडे बारकाईने पाहावे लागते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही, हा नियम अनेकांना ऐनवेळी कळतो. आदेश विरोधात गेल्यास विभागीय आयुक्तांकडे तीस दिवसांत अपील करावे लागते. हे दिवस मोजण्याचे भान पक्षकाराला नसते, ते वकिलानेच ठेवायचे असते.

वकिलांना पाठबळ कसे मिळेल?

एवढा व्याप तालुक्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या तरुणाने एकट्याने कसा सांभाळावा? वर्षातून एखादेच दत्तकाचे प्रकरण त्याच्याकडे येते. त्याला दोष देण्यापेक्षा त्याच्या पाठीशी व्यवस्था उभी करणे, हे ज्येष्ठांचे कर्तव्य आहे.

प्रत्येक जिल्ह्याच्या वकील संघात या विषयात रस असलेल्या चार-पाच जणांचा अभ्यासगट असावा. चालू अधिनियम, विनियम आणि महत्त्वाचे निवाडे त्याने ग्रंथालयात अद्ययावत ठेवावेत. नोंदणीयोग्य दत्तकपत्राचे, संमतीपत्राचे आणि प्रतिज्ञापत्राचे शुद्ध मराठी नमुने तयार करावेत. प्रकरण हाती आल्यावर नवोदिताने ज्येष्ठाचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये आणि ज्येष्ठाने तो देताना वेळेचा हिशेब करू नये. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती व मान्यताप्राप्त दत्तक संस्था यांच्याशी या गटाचा नियमित संवाद हवा. समाजसेविकेचा अहवाल वाचता येणे हेदेखील या क्षेत्रात कायद्याचेच ज्ञान आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम १२ नुसार स्त्री व बालक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. तेव्हा मूल सुपूर्द करू पाहणाऱ्या गरीब मातेला वकील मिळाला नाही, असे एकाही जिल्ह्यात घडता कामा नये.

एकटा वकील काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. परदेशी दत्तक जाणाऱ्या भारतीय बालकांच्या हालअपेष्टांविषयी वृत्ते वाचून लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारले. न्यायमूर्ती भगवती यांनी १९८४ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. आजच्या ‘कारा’ची बीजे त्या निकालात आहेत. त्या वकिलांना कोणी पक्षकार म्हणून नेमले नव्हते. जी बालके बोलू शकत नव्हती, ती त्यांनी आपली पक्षकार मानली.

पक्षकार कोण?

या विषयाचे सारही तेच आहे. शुल्क दांपत्य देते, वकीलपत्रावर सही दांपत्य करते, परंतु दत्तकाच्या प्रकरणात वकिलाचा खरा पक्षकार ते मूल असते. ते वकिलाच्या कार्यालयात येत नाही, त्याला आपली बाजू मांडता येत नाही, आणि त्या कागदाचे परिणाम मात्र त्यालाच सर्वांत दीर्घकाळ भोगावे लागतात. म्हणून जवळचा मार्ग सुचवणाऱ्या दांपत्याला ‘हे होणार नाही’ असे ठामपणे सांगणारा वकील त्यांचा हितशत्रू नसून त्यांच्या घरी येणाऱ्या लेकराचा पहिला रक्षणकर्ता असतो.

कार्यकर्त्यांनी आणि कुटुंबांनीही हे ध्यानी घ्यावे. अपत्यप्राप्तीची ओढ पवित्र आहे. निराधार बालकाला घर देणे हे श्रेष्ठ सेवाकार्य आहे. परंतु सेवेलाही शिस्तीचे अधिष्ठान लागते. प्रतीक्षायादीत काही वर्षे थांबणे कठीण आहे. पण तो काळ सरतो. आडमार्गाने आलेल्या मुलाच्या मनात उभी राहणारी असुरक्षितता सहज सरत नाही.

मूल ओटीत घालण्याचा क्षण एका दिवसाचा असतो. त्या मुलाचे नाते पुढची साठ-सत्तर वर्षे कोणाच्याही आक्षेपाला पुरून उरेल, अशा रीतीने ते कागदावर उतरवणे, हे विधिज्ञांचे काम आहे. ते काम अभ्यासपूर्वक आणि निष्ठेने करण्याचा संकल्प आपण येथून घेऊन जावा, एवढीच अपेक्षा.